अंडं नाही ना गं?

आमच्या घरात अंड्याची भांडी वेगळी असत. एक निळा वाडगा, एक लहान तवा, एक काटा आणि एक उलथनं. ती बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर राहायची, स्वयंपाकघरात त्यांना प्रवेश नव्हता. सासूबाई गाझियाबादला आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, त्याच आठवड्यात मी ती फळी ठोकून घेतली. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तर नाहीच नाही. पण मी पुण्याची, तसल्याच घरात वाढलेली. माझ्या माहेरी अंड्याचा तवा मोरीच्या खिडकीत ठेवलेला असायचा. काय करायचं असतं आणि काय नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्या अजाणतेपणी झालं असं कोणाला वाटायला नको.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. त्यांनी दिल्लीत तीस वर्षं काढली होती. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत, घर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये, माझा नवरा आणि नणंद दोघंही तिथलीच. निवृत्त झाल्यावर दोघं पुण्याला परतले, आणि मी लग्न करून पुण्याहून इकडे आले. म्हणजे अदलाबदलच झाली म्हणायची. डिसेंबरात मी दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून कुडकुडत असले की त्या फोनवर हसायच्या. "अगं, ही कसली थंडी? अजून पारा उतरायचाय." मला अस्सा राग यायचा!

आमचं फार गूळपीठ कधीच नव्हतं. मी फाटक्या तोंडाची, आणि त्या मोजकं बोलणाऱ्या. मी केलेल्या कुठल्याच पदार्थाला त्यांनी वाईट म्हटलं नाही, आणि चांगलं तर मुळीच नाही. "झालंय बरं," एवढंच. सोळा वर्षं मी ते "झालंय बरं" ऐकलं.

मग गणपती गेले आणि पाठोपाठ सासरे गेले. आम्ही आईंना इकडे घेऊन आलो. एक सूटकेस, देवांचा डबा आणि सासऱ्यांचा करडा मफलर, एवढं घेऊन त्या आल्या आणि त्यांनी खाणं सोडलं. रुसून नव्हे, उपास म्हणूनही नव्हे. ताटावर बसायच्या, चार घास भाताचे चिवडायच्या, "पोट भरलं" म्हणायच्या. दिवाळीचा फराळ केला, त्यातली एक चकली त्यांनी दोन दिवस पुरवली. ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. डॉक्टर म्हणाले, "सब ठीक है, बस इन्हें खिलाइए. जो मन करे, वही खिलाइए." अहो, मन करत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? नवरा रोज ऑफिसातून फोन करून एकच विचारायचा, "आई जेवली?" मी म्हणायचे, "हो, थोडंसं." संध्याकाळी घरी आला की बूट न काढता आधी आईच्या खोलीत डोकवायचा. वडील गेल्यावर तीन महिन्यांत आईही जाणार, ही भीती त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायची, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही.

डिसेंबरच्या शेवटी शाळांना थंडीची सुट्टी लागली. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. धुक्यामुळे खाली खेळायला जाता येईना, घरात बसून तिनं नुसता उच्छाद मांडला होता. कुठला तरी व्हिडिओ बघून आली आणि म्हणाली, "आई, आपण चॉकलेट कुकीज करूया ना, प्लीज यार." मी म्हटलं, "यार कोणाला म्हणतेस गं?" पण ओव्हन काढला. तेवढाच तिचा वेळ जाईल, आणि घरात जरा ऊबही येईल.

अंड्याच्या कुकीज मुलीसाठी आणि बिनअंड्याच्या आईंसाठी, असे दोन घाणे करायचे ठरले. बिनअंड्याच्यात मी दही घातलं. आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या होत्या. लोणी आणि साखर फेसताना बघून म्हणाल्या, "मोहन कडकडीत नको का?"

"आई, हे शंकरपाळे नाहीत."

"बिस्किटं ती बिस्किटंच. तुझं तू बघ बाई."

पहिल्या खेपेला बिनअंड्याच्या म्हणजे नुसती कौलं झाली. आईंनी नातीचं मन राखायला अर्धं चघळलं आणि उरलेलं बशीत ठेवलं. पुढच्या रविवारी पुन्हा दोन घाणे केले. माझ्याकडे अगदी सारखे दोन स्टीलचे डबे होते; अंड्याच्या डब्याला मी लाल रबर लावून ठेवायचे. त्या दिवशी कोकोच्या उघड्या पाकिटाला बांधायला काही सापडेना, म्हणून तेच रबर काढून त्याला लावलं. म्हटलं, डावीकडचा अंड्याचा, लक्षात राहील. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. फोन संपवून मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं आले आणि डबे उचलले. डावीकडचा फळीवर नेऊन ठेवला, उजवीकडचा आईंच्या पलंगाशेजारी.

टेबलाच्या पलीकडून आलं की डावं ते उजवं होतं, हे लहान मुलालाही कळतं. मला नाही कळलं.

बुधवारी मी घरूनच काम करत होते. मुलगी डबा घेऊन आली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आई, या वेळच्या बिल्कुल दगड आहेत. खा, तूच खा." मी एक तुकडा तोडला, म्हणजे तोडायचा प्रयत्न केला, आणि मला कळलं, डबे बदललेत. मी लॅपटॉप तसाच टाकून बाल्कनीकडे धावले.

त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. आई वेताच्या खुर्चीत मफलर गुंडाळून बसल्या होत्या. मांडीवर डबा, हातात चहाचा कप. बिस्किट चहात बुडवत होत्या आणि खात होत्या. चिवडत नव्हत्या, अगदी भूक लागल्यासारखं खात होत्या. डबा निम्मा रिकामा झाला होता. मला बघून म्हणाल्या, "या वेळी फार छान जमलीत गं. तोंडात विरघळतात. यांना पण आवडली असती." आणि रडायला लागल्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहत होते. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आज दुपारी जरा मऊ खिचडी कर. वर तूप घाल."

मी दारात उभी होते. सांगायला आले होते, तोंड उघडलं होतं. "करते," म्हटलं आणि खिचडी टाकायला गेले.

तर चूक म्हणाल तर ती एवढीच, रविवार ते बुधवार. त्यानंतरचं सगळं मी केलं.

असं नाही की मी दुसरा मार्ग शोधला नाही. डबा संपल्यावर बिनअंड्याच्या कुकीज तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं करून पाहिल्या. एकदा कंडेन्स्ड मिल्क घालून, एकदा केळं कुस्करून, एकदा जवसाची पूड भिजवून. आईंनी प्रत्येक वेळी एक घास खाल्ला आणि बशी बाजूला सारली. "मागची छान होती. ही तशी नाहीत." त्या दिवशी जेवणही पुन्हा तसंच, चार घासांवर उठल्या. चौथ्या वेळी मी बाल्कनीतला निळा वाडगा आत आणला आणि दार लोटून घेतलं.

आणि मनातलं सांगायचं तर, त्यांच्या काळजीपोटीच केलं असं म्हटलं तर तेही निम्मं खोटं होईल. सोळा वर्षांनी त्या बाईच्या तोंडून माझ्यासाठी "फार छान" निघालं होतं. शेजारणीला सांगायच्या, "हमारी बहू के हाथ के बिस्कुट खाके देखो." पुण्याला नणंदेला फोनवर सांगायच्या. मला ते हवं होतं. एका "फार छान"साठी मी किती हपापलेली होते, हे मलाच तेव्हा कळलं.

जानेवारीत एकदा मी त्यांचा डबा भरत होते. त्या शेजारी बसून मटार सोलत होत्या. सहज म्हणाल्या, "यात अंडं नाही ना गं?"

मी पाठमोरी होते. "नाही हो आई. दही घातलंय."

"तू सांगतेस म्हणजे नाहीच." आणि पुन्हा मटार सोलायला लागल्या.

मग त्यांनीच एक जुनी गोष्ट काढली. सरोजिनी नगरला त्यांच्या समोरच्या क्वार्टरमध्ये एक पंजाबी बाई राहायची. नाताळच्या सुमारास ती केक करायची आणि आईंसाठी न चुकता बिनअंड्याचा वेगळा. एका वर्षी तिच्या मुलीनं चुकून दुसराच केक आणून दिला. आईंनी सुरी लावली, तोच ती बाई अनवाणी, ओल्या हातांनी जिना चढून धावत आली. "दीदी, खाना मत! इसमें अंडा है!" दम लागला होता बिचारीला. "बघ," आई म्हणाल्या, "परकी बाई. तिच्या घरात रोज अंडी शिजायची, तिला काय फरक पडत होता? पण धावत आली."

मी डब्याचं झाकण लावलं.  चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला वाटलं, यांना कळलंय. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्या मटाराचे दाणे निवडत होत्या आणि त्या बाईच्या आठवणीत रमल्या होत्या. त्यांनी अंडं का खायचं नाही, हे मी कधी विचारलं नाही. कसला नवस असेल, नाहीतर नुसती सवय. काही का असेना, सासरे ऑफिसच्या कँटीनमध्ये ऑम्लेट खाऊन यायचे हे माहीत असूनही या बाईनं जन्मभर ते पाळलं होतं. ते त्यांचं होतं, आणि मी ते त्यांना न विचारता काढून घेतलं.

त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं. आधी सांगितलं असतं तर चूक झाली म्हणता आलं असतं. आता काय म्हणणार?

पुढच्या थंडीत मुलीनं मला पकडलं. अकरा वर्षांची झाली होती, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. मला एकाच मोठ्या पातेल्यात सगळं पीठ भिजवताना बघून म्हणाली, "अच्छा, आजीचं पण यातच? पण यात तर एग आहे."

"हळू बोल."

"आजीला माहितीये?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. आजी जेवायला लागली ना? मग झालं तर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला सारखी दटावायचे, खोटं बोललीस तर याद राख, म्हणून. त्या दिवशी ती नुसतीच चॉकलेटचे तुकडे पिठात टोचत राहिली.

आणि आई? आई त्या दोन वर्षांत पुन्हा माणसात आल्या. अंगावर मांस आलं. खालच्या बागेत बायकांबरोबर उन्हात बसून स्वेटर विणायला लागल्या. सरोजिनी नगरच्या बाजारात एकदा मला आणि मुलीला घेऊन गेल्या आणि तिथल्या पोऱ्यांशी अशी काही घासाघीस केली की मी तोंडात बोट घातलं. "चल हट, डेढ़ सौ का स्वेटर है ये?" आमची मोजकं बोलणारी सासू! आमचंही बोलणं वाढलं. दुपारच्या चहाला त्या मला हाक मारायच्या, एक बिस्किट माझ्या बशीत ठेवायच्या आणि लग्नानंतर पहिल्यांदा दिल्लीला आल्या तेव्हाच्या गोष्टी सांगायच्या. माझी आई मी लहान असतानाच गेली. त्या दोन हिवाळ्यांत मला पुन्हा आई मिळाली होती, आणि तिनं माझ्या बशीत ठेवलेल्या प्रत्येक बिस्किटात माझं खोटं होतं. घास फिरायचा तोंडात. तरी खायचे.

तिसऱ्या डिसेंबरात मी पहिला घाणा जरा लवकर केला, कारण त्यांनीच मागितला. डबा पलंगाशेजारी ठेवला. चार दिवसांनी दुपारी त्या जेवून आडव्या झाल्या आणि चहाच्या वेळी मी हाक मारायला गेले तर उठल्या नाहीत. तोंडावर काही त्रास नव्हता. मफलर उशाशी होता. सगळे म्हणाले, भाग्याचं मरण आलं. असेल. मी मात्र त्यांचे पाय धरून नुसती "आई, आई" करत राहिले, कारण मला एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि आता ती ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

दहाव्याला आम्ही यमुनेच्या घाटावर गेलो. नवरा, मी, मुलगी, आणि पुण्याहून आलेली नणंद. गुरुजी आपलेच, मराठी, दिल्लीत बरीच वर्षं असलेले. सकाळची वेळ, धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. पिंड मांडले आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली नाही असं आपल्यात मानतात. माझा यावर विश्वास आहे का? ऑफिसात कोणी विचारलं असतं तर मी हसले असते. त्या सकाळी मात्र मी त्या कावळ्यांकडे डोळे लावून उभी होते. दोन होते, भिंतीवर बसलेले. आणि ते हलत नव्हते.

नवऱ्यानं हात जोडले. "आई, ताईची काळजी करू नकोस, मी आहे." कावळे बसलेलेच. नणंद म्हणाली, "आई, आम्ही दोघं भांडणार नाही. पुण्याचं घर विकणार नाही." एक कावळा भिंतीवरून खाली उतरला, दोन पावलं चालला आणि पुन्हा उडून गेला. असा अर्धा तास गेला. गुरुजींना पुढे आणखी एक काम होतं, ते अधूनमधून घड्याळ बघत होते. मग नणंदेला एकदम आठवलं. "थांबा! तिची बिस्किटं!" तिनं पिशवीत हात घातला आणि डबा काढला. आईंच्या पलंगाशेजारचा डबा. तिनं तो निघताना आठवणीनं घेतला होता. "शेवटच्या फोनवरसुद्धा हिच्या बिस्किटांचं कौतुक करत होती. पाच उरलीत," असं म्हणून तिनं झाकण उघडलं आणि एक बिस्किट पिंडाकडे न्यायला लागली.

मुलीनं माझा हात घट्ट धरला. गप्प बसले असते तर कोणालाच कधी कळलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्यांच्या पिंडावरसुद्धा?

"ताई, ते ठेवू नका," मी म्हटलं. "त्यात अंडं आहे."

नणंदेला कळलंच नाही. "अगं, हा आईचा डबा आहे."

"आईचाच. त्यांच्या सगळ्या बिस्किटांत अंडं होतं. दोन वर्षं. मी घालत होते. त्यांना माहीत नव्हतं."

 गुरुजींनी मान खाली घातली. नणंदेच्या हातात ते बिस्किट तसंच होतं. तिनं ते परत डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिनं जन्मभर पाळलं आणि शेवटी तू तिला बाटवलंस."  खरंच होतं. मी पिंडाकडे वळून हात जोडले, आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हटलं, "आई, माझं चुकलं. मला क्षमा करा."

आणि वाट पाहिली. खरंच सांगते, आयुष्यात कशाची एवढी वाट पाहिली नाही. आता येईल असं मला वाटत होतं. मी सांगून टाकलंय, आता तर येईल. भिंतीवरचा कावळा मान वाकडी करून बघत होता. मग तो उडाला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. कावळा शिवलाच नाही तर तसं करतात. गवताच्या काड्या वळल्या, गाठ मारली, पिंडाला लावली. "झालं," म्हणाले. त्यांचं झालं होतं.

परतीच्या वाटेवर नवरा गाडी चालवत होता.  मग तो एवढंच म्हणाला, "मला सांगायचं होतंस." रागानं नाही. पण आईचं सगळं माझ्याशी बोलायचीस आणि हेच नेमकं लपवलंस, हे त्यात होतं. नणंद खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. अजून फोन केला तर उचलते, नवऱ्याला द्यायला सांगते.

घरी आल्यावर मी मुलीचे केस पुसत होते. ती आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, मी पण खोटं बोलले."

"कोणाशी?"

"आजीशी. लास्ट विंटरमध्ये. तिनं मला विचारलं होतं, तुझी आई बिस्किटात अंडं नाही ना घालत? मी म्हटलं, नाही."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. म्हणाली, शहाणी माझी बाय. आणि खाल्लं."

मी टॉवेल तिच्या डोक्यावर तसाच धरून उभी राहिले. म्हणजे त्यांना शंका आली होती. माझ्या शब्दानं पुरतं समाधान झालं नव्हतं, म्हणून त्यांनी पोरीला विचारलं. पोर खोटं बोलणार नाही, असं त्यांना वाटलं असणार. आणि ते खोटं तिला मी शिकवलं होतं. दोनदा विचारलं त्या बाईनं, आणि आम्ही मायलेकींनी दोनदा फसवलं. मुलगी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, "तुझं काही नाही गं, सगळं माझं आहे," म्हटलं. पण ती काही माझं ऐकून थांबली नाही. तिचं ती रडली.

मला मैत्रिणी म्हणतात, अगं, तू त्यांना दोन वर्षं दिलीस. तसं असेलही. त्या दोन वर्षांवर मीही जगतेय. पण कोणी असं म्हटलं की मला राग येतो. द्यायला ते काय माझं होतं? त्यांना विचारलं असतं, आई, यात अंडं आहे, खाणार का, तर त्या नाही म्हणाल्या असत्या, आणि कदाचित त्या वर्षीच गेल्या असत्या. किंवा खिचडी मागून जगल्या असत्या. ठरवायचं होतं ते त्यांनी.

यंदा पुन्हा थंडीची सुट्टी लागली. मुलगी आता तेरा वर्षांची. दोन आठवडे ती कुकीजचं नाव काढत नव्हती, मीही नाही. शेवटी काल दुपारी मीच ओव्हन काढला. ती येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मी दही काढलं तेव्हा म्हणाली, "आई, अंडं घाल ना. आता तर कोणी विचारणार पण नाही."

"म्हणूनच नाही घालायचं," मी म्हटलं.

तिनं लोणी फेसायला घेतलं. एकच घाणा केला. नेहमीसारखी कौलं झाली. चहा करून आम्ही बाल्कनीत आलो. ऊन नव्हतं, नुसतंच पांढरं आभाळ. मुलगी जमिनीवर बसली, मी कठड्याला टेकले. वेताच्या खुर्चीत कोणीच बसलं नाही. तिनं एक बिस्किट दातांखाली धरलं, मोडेना, मग चहात बुडवून बराच वेळ धरून ठेवलं. दगड म्हणाली नाही.

मी बशीतलं एक उचललं आणि त्या खुर्चीच्या हातावर ठेवलं. मुलगी बघत होती. मला तिची लाज वाटली नाही.

"अंडं नाही हो, आई," मी म्हटलं. "या वेळी खरंच नाही."